ढवळ्याशेजारी

पिल्लं पहिले चार दिवस न्हाणीघरात.
मॉराबाईंनी भिंतीपलीकडून येऊन बजावलं होतं:
आधी वास, मग आवाज, तोंड सगळ्यात शेवटी.
वृंदा हसली. आपलं बरोब्बर उलटं झालं, म्हणाली,
आधी फोटो, मग फोन,
आणि वास थेट डंडीला उतरल्यावर,
ओल्या कोटाचा.

जुना टॉवेल पिल्लांवरून फिरवून
ढवळ्यापुढे टाकला.
त्याने तो हुंगला काठाकाठाने,
सातबारा वाचावा तसा,
सगळी नावं तपासत,
आणि त्यावरच झोपला.

दाराच्या अलीकडे त्याची थाळी, पलीकडे त्यांची बशी.
फटीतून मधूनच एक पंजा यायचा,
बटणाएवढा, काहीतरी चाचपून परत जायचा.
एकीचं नाव निहारने पवळी ठेवलं.
म्हण त्याला अर्धीच येते.
उरलेली मी सांगितली नाही,
म्हटलं बघू, कुणाचं काय कुणाला लागतं.
दुसरी काळी. तिला नावच सुचेना.

ढवळ्याचे कान गेल्या हिवाळ्यात गेले.
त्याआधी नदीकाठी 'यू यू' करून हाक मारली
की बाकावरचा म्हातारा दचकायचा: कोण, मी?
आता बोटं मिटली की बस,
तळवा दाखवला की थांब.
कधी विसरून हाक मारतोच.
म्हातारा अजून वळतो.
कुत्रा नाही.

शनिवारी दार उघडलं.
टे नदीवरचं धुकं खिडकीला टेकलेलं,
निहारने पट्टा मुठीला दोनदा गुंडाळलेला,
वृंदाच्या हातात उशी, ढालीसारखी,
मी उगाच गुडघ्यांवर.
सगळ्यांचे डोळे ढवळ्याच्या दातांवर,
त्यातले आता उरलेत किती ते आम्हाला माहीत असून.

पवळी आधी आली.
पाठीची कमान, शेपटीचा बाटली धुवायचा ब्रश,
आणि फिस्स.
मांजरांच्या भाषेत हे स्पष्ट वाक्य आहे.
ढवळ्याला ते कुठून ऐकू येणार?
त्याला दिसलं फक्त एक इवलंसं तोंड, उघडलेलं.
आत काय आहे बघावं म्हणून
तो वाकला.

नाकावर तीन लाल रेघा.
भुंकला नाही. माझ्याकडे पाहिलं,
चुकलंच असेल माझं काहीतरी,
आणि टेबलाखाली, आमच्या बुटांमध्ये
जाऊन बसला.

चार दिवस आम्ही पिल्लांना जपत होतो.
त्याच्यासाठी कुणी काही आडवं लावलं नव्हतं.

रात्री खोबरेल लावलं त्याच्या नाकाला.
त्याने ते चाटून टाकलं, मी परत लावलं,
असं बराच वेळ.

पुढचं नीट सांगता येणार नाही.
आम्ही पहारा देत होतो तोवर काही झालं नाही.
झालं ते आमची पाठ वळल्यावर.
नोव्हेंबरात एका सकाळी खाली आलो,
हीटरपाशी ढवळ्या ताठ,
आणि बिननावाची काळी त्याच्या पोटाच्या केसांत
कणीक मळत बसलेली.
पाहुण्यांचं मूल मांडीवर झोपल्यावर
माणूस बसतो तसा तो बसला होता.
बाहेर जायची घाई त्याच्या मागच्या पायांत दिसत होती.
उठला नाही.
फरशी मी पुसली.

आणि काल.
दोघी गालिच्यावर, तो त्यांच्यासमोर, डोळे अर्धे मिटून.
कुठेसं फाटक वाजलं असेल.
चार कान एकदम दाराकडे वळले.
ढवळ्याने ते कान पाहिले.
मग दार पाहिलं.
मग उठला, हप्त्याहप्त्याने,
आधी पुढचे पाय, मग थांबून मागचे,
दारापाशी गेला
आणि भुंकला.

टपालवाला तोवर तिसऱ्या घरी पोचला होता.
भुंकणं मात्र पुरतं जुनं होतं,
खिडकीच्या काचा जाणणारं,
वर्षभर कुणी न ऐकलेलं.
त्यालाही ऐकू आलं नाही.
पवळी त्याच्या पायांमधून
टपालाच्या फटीकडे बघत उभी,
तिच्याच तोंडून निघाल्यासारखी.

भिंतीवर मॉराबाईंनी दोनदा ठोकलं,
पूर्वी ठोकायच्या तसं.
निहारने उलट तीनदा.